तळमजल्याशी वाटाघाट

२ फेब्रुवारी
आजपासून रोजनिशी. कारण ग्रंथ. ग्रंथ लिहिताना लेखकाच्या डोक्यात काय चाललं होतं, हे पुढच्या पिढीला कळायला हवं. (तरी ही वही खाजगी आहे. पुढच्या पिढीनं विचारून वाचावी.)

ग्रंथाचं नाव 'व्यवहारखर्च आणि कायदा'. विषय गुरूंचा. गुरू म्हणजे तो थोर अर्थशास्त्रज्ञ. प्रत्यक्ष भेट कधी नाही, पण लॉ कॉलेजात आयुष्यभर त्यांच्यावरच शिकवलं, त्यामुळे घरातलेच वाटतात. त्यांचं म्हणणं असं, की दोन माणसांत तंटा झाला, कुणाचा काय हक्क ते स्पष्ट असलं आणि बोलणी करायला काही खर्च येत नसला, तर कायदा कोणाच्या बाजूनं आहे यानं शेवटी फरक पडत नाही. दोघं बसतील, घासाघीस करतील, आणि दोघांच्या मिळून फायद्याचं जे असेल तेच घडेल. काय सुंदर विचार! विद्यार्थ्यांना हे सांगताना माझा गळा दाटून यायचा. त्यांना वाटायचं सर्दी.

गुरूंचा दुसरा भाग असा, की प्रत्यक्षात बोलण्याला खर्च येतोच. माणूस गाठा, त्याचं ऐका, त्याला पटवा, दिलेला शब्द पाळतो का बघा. हा व्यवहारखर्च. तो फार झाला की चांगला सौदासुद्धा मोडतो, आणि म्हणून कायदा लागतो. पण हे सगळं सातव्या प्रकरणात येईल. सध्या दुसरं चालू आहे.

संकल्प: रोज दुपारी चार ते आठ लेखन. रिटायर झाल्यामुळे वेळच वेळ. माझी अभ्यासिका पहिल्या मजल्यावर, मागच्या बाजूला. अत्यंत शांत.

५ फेब्रुवारी
शांत नाही. तळमजल्यावरची रिकामी जागा जनावरांच्या एका डॉक्टरीणबाईंनी घेतली. बरोब्बर माझ्या खोलीखाली. पाटी वाचून आलो. वेळ दुपारी चार ते आठ.

आज लेखन: एक वाक्य. तेही कुत्रा भुंकल्यामुळे क्रियापदाविना राहिलं.

६ फेब्रुवारी
ही म्हणाली, अहो, बाई चांगल्या वाटतात, तुम्ही पुढच्या खोलीत बसून लिहा ना. म्हटलं, प्रश्न खोलीचा नाही, तत्त्वाचा आहे. ही म्हणाली, तत्त्व पण घेऊन या पुढच्या खोलीत, जागा आहे.

संध्याकाळी वकील आला. माझा शाळेपासूनचा मित्र. दर गुरुवारी बुद्धिबळाला येतो आणि त्याच्या म्हाताऱ्या मांजरीच्या तब्येतीबद्दल सांगत बसतो, ते मी मैत्रीखातर सहन करतो. तो म्हणाला, तक्रार ठोकून देऊ का? मी हसलो. या अख्ख्या शहरात गुरूंचा सिद्धांत स्वतःच्या घरात सिद्ध करून दाखवू शकेल असा एकच माणूस आहे, आणि तो पहिल्या मजल्यावर राहतो. कायदा नको. बोलणी करणार. ग्रंथाला जिवंत उदाहरण मिळेल. याला म्हणतात इष्टापत्ती.

वकील म्हणाला, तू बोलणी करणार? आणि घोडा हलवला. त्याच्या स्वरात कौतुक होतं.

९ फेब्रुवारी
पहिली बैठक. अत्यंत यशस्वी.

तीन पानी टिपण घेऊन गेलो. सुरुवात गुरूंच्या गाजलेल्या उदाहरणापासून केली. एक गुराखी, शेजारी एक शेतकरी, गुरं शेतात शिरून पीक खातात. आता नुकसान कोणी कोणाचं केलं? डॉक्टरीणबाई लक्ष देऊन ऐकत होत्या. मग म्हणाल्या, सर, गुरांना चारा कमी पडत असणार. किती होती? मी म्हटलं, ती काल्पनिक आहेत. त्या म्हणाल्या, काल्पनिक असली तरी उपाशी दिसतायत.

मध्येच पिंजऱ्यातला एक पोपट मला उद्देशून काहीतरी बोलला. इथे लिहिण्यासारखं नाही.

बाई म्हणाल्या, सर, तुम्हाला नक्की काय हवंय तेवढं सांगा. मी म्हटलं, ते दुसऱ्या बैठकीत, आज फक्त भूमिका. तेवढ्यात पोट फुगलेली मांजर आली आणि त्या आत पळाल्या. तिथे उरलेल्या मंडळींना मी बाकीचं टिपण वाचून दाखवलं. एका गृहस्थांनी आपला कुत्रा उचलून बाहेर नेला, पण त्याला तसंही जायचंच असावं.

१२ फेब्रुवारी
जेवताना हिला गुरूंचा सगळ्यात मोठा मुद्दा समजावला. नुकसान नेहमी दोन्ही बाजूंनी असतं. कुत्रे भुंकले तर माझं नुकसान, हे खरं. पण भुंकणं बंद करायला लावलं तर बाईंचं आणि कुत्र्यांचं नुकसान. ही म्हणाली, म्हणजे कुत्र्यांचीही बाजू असते. अगदी बरोबर! इतक्या वर्षांच्या संसारानंतर हिला विषय कळायला लागला.

मग ही म्हणाली, मला पण एक सांगायचंय, दुपारचा माझा वेळ... मी म्हटलं, एक मिनिट, मुद्दा पूर्ण करू दे, दुवा तुटतो. मुद्दा पूर्ण होईपर्यंत हिची मागची आवराआवर होऊन गेली होती. म्हटलं, हं, सांग आता. म्हणाली, राहू दे.

फार काही महत्त्वाचं नसणार.

१८ फेब्रुवारी
दुसरी बैठक. बाईंनी मला सरळ नंबर घेऊन बसायला सांगितलं. आजूबाजूला सगळे पट्टे आणि साखळ्या. मीच एकटा मोकळा.

नंबर आल्यावर बाई म्हणाल्या, बोला सर. मी म्हटलं, शांतता, चार ते आठ. त्या म्हणाल्या, लोक कामावरून सुटल्यावरच जनावरं आणतात, वेळ बदलता येणार नाही. पण असं करते, भुंकणाऱ्यांना रस्त्याकडच्या खोलीत घेते आणि मागच्या खिडक्यांना जाड काच बसवून घेते. चालेल?

क्षणभर तोंडातून हो निघत होता! सावरलो. पहिल्याच ऑफरला होकार देणं म्हणजे सिद्धांताचा अपमान. बाईंना शांततेची खरी किंमत काय वाटते, हे दोन्ही बाजू ताणून बघितल्याशिवाय कळणार कसं? म्हटलं, विचार करून काउंटर-ऑफर देतो. बाईंचा चेहरा पडला. याचा अर्थ त्या आणखी सोडायला तयार होत्या. मी माणसं ओळखतो.

२४ फेब्रुवारी
काउंटर-ऑफर पूर्ण. चौदा कलमं. त्यात कुत्र्यांची भुंकण्याच्या पट्टीनुसार वर्गवारी, पोपटांसाठी स्वतंत्र आचारसंहिता, आणि शेवटी शब्दसूची. बाईंच्या दाराखालून सरकवली.

लेखन: शून्य. पण काउंटर-ऑफर हेही एक प्रकारे लेखनच.

१ मार्च
उत्तर नाही. शिवाय काच बसवायचा बेतही बाईंनी सोडून दिलेला दिसतो. चांगल्या मनानं वाटाघाटीला बसलेल्या माणसाला ही वागणूक. विश्वासाला पहिला तडा.

५ मार्च
एक चांगली गोष्ट. ही आता रोज चारच्या आधी, मी खाली जाऊन येते हं, असं सांगून बाहेर पडते. फिरायला. या वयात पाय मोकळे करायलाच हवेत. आठनंतर येते. इतकं चालते म्हणजे कमाल आहे. येते तेव्हा चेहरा लाल आणि गुणगुणत असते. मी मनापासून उत्तेजन दिलं. म्हटलं, रोज जात जा. हिनं माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि म्हणाली, नक्की? तुमची काही हरकत नाही? मी म्हटलं, हरकत कसली, मी उलट सगळ्यांना सांगतो.

ही म्हणाली, बरं झालं बाई, मला वाटलं होतं तुम्ही रागवाल.

फिरायला जायला कोण रागावतं?

१३ मार्च
हिचे केस फार गळतायत. कपड्यांवर जागोजागी. काही पांढरे, काही तपकिरी, काही चक्क पिवळे. काळजी वाटली. डोक्याच्या डॉक्टरांना दाखव म्हटलं. ही खोखो हसली. केस गळण्याचा मनावर परिणाम होतो असं वाचलंय.

गुरुवार असून वकील आला नाही. फोन केला तर म्हणाला, कामात आहे, तुझ्याच इमारतीतलं एक काम आलंय. म्हटलं, कोणाचं? म्हणाला, सांगता येत नाही, धंद्याची शिस्त. मला अभिमान वाटला. असा मित्र हवा, ज्याच्या पोटात गोष्ट राहते.

१५ मार्च
एक शिकारी कुत्रा. तो भुंकत नाही, रडतो. चार ते आठ. त्याच्या सुरात माझं दुसरं प्रकरण वाहून गेलं.

मुलीचा फोन. ती दूरच्या शहरात नोकरी करते. तिनं विचारलं, बाबा, आईशी बोललास का? म्हटलं, रोज बोलतो, कालच तिला हक्कांची वाटणी सांगितली. मुलगी म्हणाली, ती काय म्हणाली? म्हटलं, ती काय म्हणणार, ऐकत होती. मुलगी म्हणाली, बाबा, एकदा तू ऐक ना.

लाइनमध्ये खरखर होती, त्यामुळे तिचा रोख समजला नाही.

२१ मार्च
पुरे. सौजन्याला मर्यादा असते. काउंटर-ऑफरला महिना होत आला, पोचसुद्धा नाही. आता कायदा. ही माघार नव्हे. बोलणी महाग पडली की कायद्याकडे वळावं, हे खुद्द गुरूंनीच सांगितलंय. सातवं प्रकरण लवकर सुरू झालं इतकंच.

वकिलाला फोनवर म्हटलं, माझी केस घे. तो म्हणाला, तुझी घेता येणार नाही. का? म्हणाला, समोरच्या बाजूचं काम माझ्याकडे आहे. समोरची बाजू! शाळेत माझ्या डब्यातलं खाल्लेला माणूस! म्हटलं, तू त्या बाईंचा वकील झालास? म्हणाला, माझ्या मांजरीचं पोट त्यांनी वाचवलं रे. आणि तुला सांगायला आलो होतो मी, त्या सोमवारी, आठव. तू मला दुसरं प्रकरण वाचून दाखवायला सुरुवात केलीस. मी जांभई दिली तेव्हा अंधार पडला होता.

फोन आपटला. बुद्धिबळाचा पट आवरून कपाटात ठेवला. सोंगट्यांच्या डबीचं झाकण लागेना, बुक्की मारून बसवलं. रागानं.

२७ मार्च
नगरपालिकेचा माणूस आवाज मोजायचं यंत्र घेऊन आला. माझ्या खोलीत उभा राहिला. आणि आज नेमका तळमजला गप्प! एक म्हणून एक प्राणी भुंकला नाही. हे ठरवून केलेलं कारस्थान आहे, हे मी त्या माणसाला समजावून सांगत होतो. गुराखी आणि शेतकऱ्यापासून. तेवढ्यात यंत्रानं पी पी केलं आणि लाल दिवा लागला. तो म्हणाला, साहेब, मर्यादा ओलांडली. म्हटलं, बघा! तो म्हणाला, खालून नाही हो, तुमचा आवाज आहे.

जाताना त्यानं सही घेतली. बाईंकडे परवाना आहे, त्यांचं सगळं नियमात आहे. म्हणजे हक्क त्यांचा. सिद्धांतानुसार यानं काहीच फरक पडायला नको. मला खूप फरक पडतोय.

२ एप्रिल
जसं घडलं तसं लिहितो.

स्वतःच नोटीस तयार केली आणि साडेचारला खाली गेलो. दार ढकललं. काउंटरमागे पांढरा एप्रन घालून एक बाई, वासराएवढ्या कुत्र्याचं डोकं काखेत धरून त्याच्या कानात काहीतरी पुटपुटत होती. कुत्रा डोळे मिटून निपचित उभा. डॉक्टरीणबाई इंजेक्शन देत होत्या. एप्रनवाल्या बाईंनी मान वर केली.

ही!

म्हणाली, अहो, एक मिनिट थांबा, हा घाबरलाय.

बाकावर वकील बसला होता. मांडीवर मांजर. त्यानं माझी नजर चुकवली. मांजरीनं नाही.

मी म्हटलं, तू फिरायला जातेस ना? ही म्हणाली, मी म्हटलं होतं, खाली जाते. खाली म्हणजे खालीच.

नोटीस कुठे पडली कोणास ठाऊक. तो शिकारी कुत्रा तिच्यावर बसलेला नंतर दिसला.

३ एप्रिल
सगळं कळलं. एकदम नाही, तुकड्यातुकड्यानं, आणि प्रत्येक तुकडा आधीच्यापेक्षा धारदार.

ठरलंय ते असं. ऑपरेशन झालेली मांजरं ठेवायला आणि औषधांच्या साठ्याला बाईंना जागा हवी होती. माझ्या अभ्यासिकेच्या मागून जिना थेट तळमजल्यावर उतरतो. ती खोली बाईंना. बाईंच्या आईची पलीकडच्या गल्लीत एक खोली पडून आहे, तिसऱ्या मजल्यावर, आजूबाजूला चिटपाखरू नाही. ती मला. हिला खाली कायमचं काम. कागदपत्रं वकिलानं केली. इमारतीच्या कमिटीनं मान डोलावली. मुलीला माहीत होतं. पोपटालाही माहीत असावं.

किती दिवस चाललं हे सगळं, मी विचारलं. ही म्हणाली, दिवस कसले, एका दुपारी ठरलं, चहा निवायच्या आत.

एका दुपारी! चार पक्ष, दोन जागा, एक नोकरी, सगळ्यांचा फायदा, कोणाचं भांडण नाही. गुरूंनी आयुष्यभर कागदावर मांडलेली गोष्ट खरोखर घडली, माझ्या पायाखाली, आणि मला बोलावलं नाही.

म्हटलं, माझ्या खोलीचा सौदा माझ्याशिवाय? ही शांतपणे म्हणाली, घर माझ्या नावावर आहे. बाबांनी दिलंय. विसरलात?

विसरलो नव्हतो. इतक्या वर्षांत विषयच निघाला नव्हता.

४ एप्रिल
रात्रभर शब्द जुळवले. सकाळी चहाच्या वेळी बोललो. विश्वासघात हा शब्द वापरला. एकदा नव्हे. परक्यांनी केलं तर समजू शकतो, पण तू? मला एका शब्दानं विचारलं असतंस तर मी काय नाही म्हटलं असतं?

हिनं कप खाली ठेवला. आवाज चढवला नाही, तेच लागलं. म्हणाली, नाही म्हटलं नसतंत. हो पण म्हटलं नसतंत. बोलला असतात. तुमच्याकडून काहीही मिळवायचं तर आधी सगळं ऐकून घ्यावं लागतं. जे मिळणार त्याहून ते ऐकणं महाग पडायचं. मग मी ती गोष्टच सोडून द्यायचे. तुमची बदली झाली तेव्हा लॅबमधली नोकरी सोडली, आठवतं? मला सोडायची नव्हती. तीन संध्याकाळ मी बोलायला बसले. तिन्ही संध्याकाळी तुम्ही मला समजावत होतात की माणूस निर्णय कसा घेतो. चौथ्या दिवशी मी राजीनामा दिला. स्वस्त पडला.

मी चहात पुन्हा साखर घातली.

ही म्हणाली, या वेळी सोडायचं नव्हतं. म्हणून तुम्हाला सोडून ठरवलं.

मी म्हटलं, तू जे म्हणतेस त्याला शास्त्रात...

ही म्हणाली, बघा.

आणि कपडे वाळत घालायला गेली. मी चष्मा पुसत बसलो. काचांना काही लागलेलं नव्हतं.

५ एप्रिल
काल हिनं जे सांगितलं त्यात तर्काच्या दोन चुका आहेत. लिहून ठेवणार होतो. कोणत्या ते आता आठवत नाही.

९ एप्रिल
नवी खोली. पुस्तकं वाहून आणली. वकील मदतीला आला होता, मी त्याच्याशी बोललो नाही. त्यानंही बोलायची घाई केली नाही, नुसते खोके उचलत राहिला. जाताना म्हणाला, गुरुवारी येऊ का इथे? म्हटलं, कळवतो.

काय शांतता आहे! टाचणी पडली तर दचकायला होईल. हे आधीच करायला हवं होतं. एका अर्थी वाटाघाटीत मीच जिंकलो. मला शांतता हवी होती, शांतता मिळाली, वर खोली मिळाली. बाकीच्यांना वाटत असेल त्यांनी मला बाजूला काढलं. वाटू दे.

संकल्प: दुसरं प्रकरण महिनाअखेर. सातवं पुढच्या वर्षी.

१४ एप्रिल
भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज फार. काढून कपड्यात गुंडाळलं. नळ ठिबकत होता, बंद केला. आता काहीच आवाज नाही.

लेखन: नाही. खिडकीतून पलीकडची भिंत दिसते. चांगली भिंत आहे.

१७ एप्रिल
दुसरं प्रकरण पहिल्यापासून वाचलं. मोठ्यानं वाचायची सवय आहे, ऐकणारा असला की चुका कळतात. अर्ध्यात लक्षात आलं की वाक्य संपल्यावर मी थांबतोय. कुणीतरी हं म्हणेल म्हणून.

पूर्वी स्वयंपाकघरातून हं यायचा. नेहमी एकाच सुरात. त्याला मी संमती धरून चाललो होतो.

२० एप्रिल
मुलीचा फोन. म्हणाली, आई किती खूश आहे माहितीये, आता टाके काढायला पण शिकली. मी म्हटलं, मला सगळ्यांनी फसवलं. मुलगी म्हणाली, बाबा, तुला जे हवं होतं तेच मिळालं ना? म्हटलं, तो मुद्दा नाही. ती म्हणाली, मग मुद्दा काय आहे, सांग, मी ऐकते.

मी बोलायला तोंड उघडलं. काहीच येईना. आज लाइन स्वच्छ होती.

२३ एप्रिल
घरी ही आठनंतर येते, हातपाय धुते, दोन घास खाते, झोपते. मध्ये कुठे बोलायला जागा नाही. म्हणजे जागा आहे, पण मी बोलायला लागलो की तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उतरतं. पूर्वीही उतरत असावं. पूर्वी मी बघत नव्हतो, बोलत होतो.

काल ती झोपेत म्हणाली, घाबरू नको, झालं झालं. मी हो म्हटलं. कुठल्या तरी कुत्र्याला म्हणत होती.

२६ एप्रिल
आज खाली गेलो. आपल्याच इमारतीत, तळमजल्यावर. कारण असं काही नाही. तिथे ती सगळ्यांचं ऐकते, म्हणून.

रीतसर नंबर घेतला. बाकावर बसलो. एकीकडे ससा, दुसरीकडे कोणाची तरी टोपलीतली पिल्लं. समोर ही. काउंटरवर वाकून प्रत्येकाचं विचारत होती. कधीपासून? खातोय का? रात्री झोप लागते? लोक सांगत होते. कुणीही उगीच सांगत नव्हतं, आणि कुणाचंही मध्ये तोडलं जात नव्हतं. एक म्हातारी नुसतीच रडली. तेही ऐकून घेतलं.

माझा नंबर आला. हिनं वर बघितलं. आश्चर्य वाटलं असेल, पण दाखवलं नाही. सगळ्यांना विचारते त्याच स्वरात म्हणाली, हं, काय होतंय?

इतक्या वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. किंवा विचारला असेल आणि उत्तर ऐकायला ते थांबले नसतील. किंवा मीच... ते जाऊ दे. सांगायचं खूप होतं. खोली फार शांत आहे. वकिलाला गुरुवारी बोलावलंय. लॅबची नोकरी तुला सोडायची नव्हती, हे मला खरंच कळलं नव्हतं. एवढंच सांगायचं होतं, सरळ, चार वाक्यांत.

तोंड उघडलं. तोंडातून निघालं, गुरूंच्या मते.

हिनं जरा वेळ वाट बघितली. खरंच बघितली. मग हलकेच मान हलवली आणि पुढचा नंबर पुकारला.

पुढचा नंबर एका कासवाचा होता. ते डोकं आत घेऊन बसलं होतं, काहीच बोलत नव्हतं. हिनं काउंटरवर कोपर टेकले, त्याच्यासमोर चेहरा नेला, आणि बराच वेळ त्याचं ऐकत राहिली.